निकाल अडकला, जीव टांगणीला : काही गैरसमज

"काय रे, लागला का निकाल?" बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या देडतलाईच्या बसथांब्यावर धारणीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोराला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण उत्तर "अजून नाही" असं असेल आणि ते कितव्यांदा द्यावं लागतंय याचा हिशेबही सुटला असेल, तर पोरगा पुढच्या वेळी दुसऱ्या वाटेने जातो.

मध्य प्रदेशात हे 'अजून नाही' फार लांबलं. 2019 साली राज्याने इतर मागासवर्गाचं आरक्षण 14 वरून 27 टक्क्यांवर नेलं, प्रकरण न्यायालयात गेलं. 2022 मध्ये तोडगा निघाला तो असा, की 87 टक्के पदांचा निकाल जाहीर करायचा आणि 13 टक्के राखून ठेवायचा. त्या तेरा टक्क्यांत ओबीसी आणि खुल्या, दोन्ही प्रवर्गांतले उमेदवार लटकले. राज्यसेवा 2019 ची पूर्वपरीक्षा जानेवारी 2020 मध्ये झाली आणि अंतिम निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. एवढ्या काळात बरोबरीच्या मित्रांची लग्नं होतात, दुकानं उभी राहतात. अशा मुलांना गावात जे सल्ले मिळतात, त्यांतले काही तपासून पाहू.

गैरसमज : नापास तर झाला नाहीस ना? मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

नापास होण्यापेक्षा लटकणं सोपं, हे गृहीतच चूक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोक तुलनेने शांत होते. सर्वाधिक ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना, आणि तो घामात, डोळ्यांच्या बाहुल्यांत मोजता आला. म्हणजे अडकलेल्या उमेदवाराची झोप उडते ती तो मनाचा कच्चा म्हणून नव्हे. नापास झालेला रडून मोकळा होतो, दुसरा रस्ता धरतो. याला तीही सोय नाही.

गैरसमज : सारखा विचार केला की मार्ग निघतो.

विचाराने मार्ग निघतो, काळजीने नाही. दिवसातून वीस वेळा मोबाइलवर लोकसेवा आयोगाचं संकेतस्थळ उघडणं ही तयारी नव्हे. न्यायालय काय म्हणेल हे आज कुणालाच कळणार नाही. काही गोष्टी मात्र आजच कळू शकतात. इथलीच गोष्ट घ्या. बऱ्हाणपूरकडचा कोरकू मुलगा "इकडे अडकलंय, तर महाराष्ट्राची परीक्षा देतो" म्हणून अमरावती गाठतो. कोरकू दोन्ही राज्यांत अनुसूचित जमात आहेत, म्हणून दाखला तिकडेही चालेल असं तो धरून चालतो. पण जाती-जमातीच्या आरक्षणाचा लाभ साधारणपणे मूळ राज्यापुरताच मिळतो. 2018 मध्ये बीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पुन्हा स्पष्ट केलं. वयोमर्यादा, रहिवासी दाखला, प्रवर्ग या गोष्टी फॉर्म भरण्याआधी विचारून घेतल्या, तर अर्धी धाकधूक तिथेच मिटते. उरलेली मिटत नाही. ती बाळगूनच अभ्यास करावा लागतो.

गैरसमज : निकाल लागेपर्यंत बाकी सगळं थांबव.

माझ्या मते सगळ्यांत घातक सल्ला हाच. ऑस्ट्रियातल्या मारीएनथाल गावची कापडगिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन गावाचा अभ्यास केला. रिकाम्या वेळात लोक भरपूर वाचतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, पुरुषांची चालही मंदावली. दिवसभर काय केलं, हे त्यांना सांगता येईना. बायकांचा दिवस मात्र घरकामाने बांधलेला राहिला.

आपल्याच जिल्ह्यात नेपानगरच्या कागद कारखान्याचं उत्पादन 2016 ला थांबलं आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. सहा वर्षं कुणी नुसतं फाटकाकडे बघत काढू शकत नाही. शिकवणी घ्या, केळीच्या बागेत हिशेब ठेवा, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसा. पगार किरकोळ असेल, पण सकाळी उठायला कारण मिळतं. यात कमीपणा कसला?

गैरसमज : बोलून काय होणार? चारचौघांत वाच्यता नको.

चारचौघांत नको तर वहीत लिहा. अमेरिकेत नोकरी गेलेल्या काही अभियंत्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, मनातला राग आणि अपमान कागदावर उतरवला. जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये छापलेल्या या प्रयोगात, असं लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. वही हा रामबाण नव्हे, एवढं खरं.

आणि घरच्यांना एक विनंती. पोरगा आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल, "मी नसलेलाच बरा" असं बोलत असेल, तर निकालाची वाट पाहत बसू नका. 14416 हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, हिंदीत बोला की मराठीत. त्याने नाही लावला, तर तुम्ही लावा.