सुट्टीतील उपक्रम : समाजमंदिराच्या अंगणातील शून्य सावली

'भर दुपारी सूर्य कोठे असतो?' असे विचारले, की मुले 'डोक्यावर' असे उत्तर देतात. मोठ्यांचेही उत्तर बहुधा हेच असते. प्रत्यक्षात बीड जिल्ह्यात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो : मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत आभाळ बहुधा भरलेले असते, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. त्यामुळे शाळेत हा अनुभव सहसा मिळत नाही. म्हणून हा उपक्रम सुट्टीतच, गावाच्या समाजमंदिराच्या अंगणात घ्यावा.

मांजरसुंब्याजवळील कपिलधारचे उदाहरण घेऊ. बालाघाटच्या डोंगरातील मन्मथस्वामींच्या समाधीचे हे ठिकाण १९ उत्तर अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस आहे. अंगणात सपाट जागी १ मीटर उंचीची काठी रोवा. ती सरळ उभी आहे ना, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासा. १२ ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली म्हणजे खरी मध्यान्ह. तिची रेषा दक्षिणोत्तर असते.

ही मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपली घड्याळे ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. कपिलधार त्याच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंश आहे. पृथ्वी एक अंश फिरण्यास ४ मिनिटे घेते, म्हणून २७ मिनिटांचा उशीर होतो. पृथ्वीच्या असमान गतीमुळे व आसाच्या कलामुळे मेमध्ये त्यातून सुमारे ४ मिनिटे वजा होतात. म्हणून साधारण १२ वाजून २३ मिनिटे.

आठवड्यातून एकदा हे मोजा. १ मे रोजी सावली उत्तरेस सुमारे ७ सेंमी, ८ मे रोजी ३ सेंमी भरेल. १५ मेच्या सुमारास ती नाहीशी होईल. २२ मे रोजी ती अडीच सेंमी असेल, पण दक्षिणेस! सावलीने बाजू बदललेली पाहून मुले आपणहून 'का?' असे विचारतील. पृथ्वीचा आस २३.५ अंश कललेला असल्याने सूर्य उत्तरेकडे सरकतो, हे तेव्हा सांगावे. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला शेवटच्या आठवड्यात येतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील दिल्लीत कधीच येत नाही.

मुलांनी टोपी घालावी, पाणी प्यावे, खुणांमधला वेळ सावलीत बसावे. सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये. पाहायची ती सावली.