टॅबची कळ आणि चौकटींचा क्रम

कागदावरील मजकूर संगणकांत उतरविणाऱ्या कुशल माणसाची दृष्टि कागदावर असते, पडद्यावर नसते. एका चौकटींत नांव लिहून झालें कीं तो टॅबची कळ दाबतो आणि अपेक्षित चौकटच पुढें येईल अशा विश्वासानें लिहीत राहतो. हा विश्वास सार्थ करणें हें फॉर्म तयार करणाऱ्याचें काम आहे. त्यानें क्रम ठरविला नाहीं, तर यंत्र आपल्या रीतीनें तो ठरवितें. आणि घोटाळ्याचें मूळ तेथेंच असतें.

समजा, एखाद्या रुग्णालयाचा नोंदणीचा फॉर्म 'मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस'मध्यें केलेला आहे. त्यांत नांव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि शेवटीं नोंद जतन करण्याचें बटण आहे. पुढें कोणास सुचलें कीं, रुग्णाला कोणतें औषध सोसत नाहीं हेंहि विचारावें. म्हणून नांवाखालीं नवी चौकट बसविली. डोळ्यांना ती दुसरी दिसते. परंतु ॲक्सेस नव्या चौकटीस क्रमांत शेवटचें स्थान देतें, आणि ती पडद्यावर कोठेंहि हलविली तरी तें स्थान बदलत नाहीं. लिहिणारा टॅब दाबीत बटणापर्यंत येतो, एंटर दाबतो, आणि चौकट रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेचा अर्थ उद्यां डॉक्टरांनीं 'कोणतेंहि औषध चालेल' असा केला, तर दोष कोणाचा?

उपाय सोपा आहे. फॉर्म 'डिझाइन व्ह्यू'मध्यें उघडून 'टॅब ऑर्डर' ही आज्ञा द्यावी. चौकटींची यादी समोर येते. तींतील ओळी माउसनें ओढून योग्य जागीं ठेवाव्या. तेथेंच 'ऑटो ऑर्डर' हें बटण आहे. तें डावीकडून उजवीकडे व वरून खालीं असा क्रम लावतें. एकाखालीं एक चौकटी असतील तर तेवढें पुरतें. परंतु डावीकडे रुग्णाची आणि उजवीकडे नातेवाइकाची माहिती असेल, तर रुग्णाच्या नांवामागून लगेच नातेवाइकाचें नांव येतें, आणि एकाचा मोबाइल क्रमांक दुसऱ्याच्या नांवावर जाण्यास वेळ लागत नाहीं. अशा वेळीं क्रम आपणच लावला पाहिजे. तसेंच, वय जन्मतारखेवरून आपोआप निघत असेल तर त्या चौकटीचा 'टॅब स्टॉप' हा गुण 'नो' करावा. म्हणजे कळ तिला ओलांडून पुढें जाते.

पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्यानें काम करणाऱ्या अंध व्यक्तीस तर फॉर्म दिसतच नाहीं; तिला तो ऐकूं येतो, आणि तोहि टॅबच्याच क्रमानें. वेबवरील मजकूर सर्वांस वापरतां यावा म्हणून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'डब्ल्यूसीएजी २.०' या नियमावलींत, हा क्रम अर्थाला धरून असावा, असा स्वतंत्र निकष आहे तो याचसाठीं.

तेव्हां फॉर्म दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं माउस बाजूस ठेवावा आणि कागदावरची एक संपूर्ण नोंद केवळ कीबोर्डानें भरून पाहावी. मागें येण्यासाठीं शिफ्टसह टॅब आहेच. जेथें हात अडखळेल, तेथें क्रम चुकला आहे असें खुशाल समजावें.