कोंबड्या झाकायची वेळ

दिवस मावळतीला टेकलाय. शाहूवाडी तालुक्यातल्या आत्याच्या परसात कोंबड्या झाकायची वेळ झालीय आणि खुराड्याच्या तोंडाशी कालवा चाललाय. एक आत शिरते, तर दुसरी टोच खाऊन बाहेर पडते. दारातच तांबडा कोंबडा मानेची पिसं फुलवून उभा आहे. त्याच्यामागे आणखी एक. तिसऱ्याचा तुरा रक्ताळलेला.

दिवाळीच्या सुमाराला आत्यानं दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या होत्या. त्या पिल्लांतले चार नर आता पाच महिन्यांचे झालेत, आरवतात, झुंजतात. जुना धरून पाच कोंबडे आणि माद्या २६. खुराडं सहा फूट बाय चार फूट.

मी मनात हिशेब मांडते. जागा २४ चौरस फूट, पक्षी ३१. नुसतं रात्रीपुरतं म्हटलं तरी मोठ्या पक्ष्याला दीडेक चौरस फूट हवी, म्हणजे इथं १६च मावायला हवेत. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. आत डोकावते तर डोळ्यांना झोंबणारा वास. खालचा भाताचा तूस ओला होऊन गोळा झालाय.

"ही बघ," आत्या म्हणते.

तिच्या काखेत एक करडी कोंबडी आहे. पाठीवर पिसं नाहीत, उघडी लालबुंद कातडी. कोंबडे आळीपाळीनं पाठीवर चढतात, त्यांच्या नखांनी पिसं उपटली गेलीत. एका जागी सालटं निघालंय आणि लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिथंच टोचतात. कोंबडी ओरडत नाही, फक्त डोळे मिटते. मला तो मिटलेला डोळा बघवत नाही. भांडण नरांचं, पण अंगावर येतं ते हिच्या. आत्या खोबरेल तेलात कालवलेली हळद बोटानं हलकेच लावते, लाल झाकलं जाईपर्यंत, आणि तिला पडवीत डालग्याखाली एकटी ठेवते.

तेवढ्यात तांबडा आत्याच्या सहा वर्षांच्या नातवावर झेपावतो. पोरगं काठी उचलतं.

"मारू नगंस! आन् पळूबी नगंस," आत्या ओरडते. "पळालास तर त्येला वाटतंय आपुन जितलो."

ती स्वतः सरळ त्याच्याकडे चालत जाते, पंखांसकट त्याला कवेत घेते आणि काखेत दाबून परसभर फिरते. आधी तो पाय झाडतो. पायामागचा काटा तिच्या पदरात अडकतो, ती तो सोडवते. दुसऱ्या फेरीला त्याची मान खाली येते.

या तांबड्याला दुपारीच गिऱ्हाईक आलं होतं. झुंजीसाठी हवा होता, चौपट पैसे द्यायला तयार. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावरं झुंजवणं गुन्हा आहे, पण आत्यानं नकार दिला तो कायद्यामुळं नव्हे. "हातानं चारा घातलाय," एवढंच ती म्हणाली. घरच्या खाण्यासाठी ती कोंबडं कापते, तेही पटकन, सुरी धारदार करून. या दोन गोष्टींत ती जो फरक करते, तो मला पूर्ण पटतो.

काळोख पडतो. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्यामुळं आता धरणं सोपं. आत्या खालून हात घालून एकेक कोंबडा अलगद उचलते. तीन तरुण नर रिकाम्या गोठ्यात जातात, जिथून माद्या दिसणार नाहीत. मादी नजरेआड असली की नर आपसांत बरेच निभावतात. तिथं आडवा बांबू आहे. जुना आणि त्याच्या जोडीला एक शांत, असे दोघंच खुराड्यात राहतात. उद्या बारा तलंगा थोरल्या लेकीकडं जाणार आहेत. तिचं खुराडं नवं आणि ऐसपैस आहे. सकाळी तूस बदलायचा आणि दाणे दोन ठिकाणी टाकायचे, म्हणजे दबलेल्यांनाही मिळतील.

"आधीच करायला पायजे हुतं," आत्या दार लावताना म्हणते. मी कंदील धरून डालग्याशी बसते. काड्यांमधून ज्वारीचे दाणे आत सारते. थोड्या वेळानं आतून टकटक ऐकू येते.