करबलाच्या भित्तिचित्रांतील प्राणी

इस्लामी धर्मस्थानांत सजीवांची चित्रे मुळीच आढळत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. मशिदींपुरता तो बहुतांशी खरा आहे. कुराणात चित्रकलेचा स्पष्ट निषेध नसला, तरी हदीसांतील वचनांच्या आधारे प्रार्थनास्थळी मनुष्य व प्राणी यांच्या आकृती वर्ज्य ठरल्या. परंतु इराणमधील शिया पंथीयांच्या इमामजाद्यांस, म्हणजे इमामांच्या वंशजांच्या समाधिस्थानांस, हा नियम सरसकट लागू पडत नाही. इस्फहान येथील शाह जैद इमामजादा व गीलान प्रांतातील कित्येक ग्रामीण इमामजादे यांच्या भिंतींवर करबलाचे प्रसंग रंगविलेले आहेत.

इमाम हुसेन यांचे इ. स. ६८० (हिजरी ६१) मधील हौतात्म्य हा या चित्रांचा मुख्य विषय होय. त्यांत प्राण्यांचे स्थान गौण नाही. हुसेन यांच्या घोड्याचे नाव जुलजनाह, म्हणजे ‘पंखधारी’. तो बहुधा श्वेतवर्णी, अंगात बाण रुतलेला व स्वाराविना परतलेला असा दाखवितात. रिकामे खोगीर पाहताच शिबिरातील स्त्रियांना अनर्थ कळतो. रक्तात पंख माखलेली कबुतरे हीच वार्ता दूरवर नेतात.

सिंहाचा अर्थ मात्र दुहेरी आहे. हुसेन यांचे पिता अली यांना ‘असदुल्ला’, म्हणजे ईश्वराचा सिंह, म्हणत. त्यामुळे सिंह हे त्यांच्या शौर्याचे चिन्ह ठरले. करबलाच्या कथेत तोच सिंह हुतात्म्यांच्या देहांची राखण करतो. इराणात ‘ताजिया’ म्हणजे ताबूत नव्हे, तर करबलाचे नाट्य. त्यातही सिंहाचे कातडे पांघरलेला नट शोकाने मस्तकावर काड्या उधळतो.

या योजनेचे मर्म सहज ध्यानात येते. पवित्र व्यक्तींची मुखे अनेकदा बुरख्याने झाकलेली असतात. जो शोक मुखावर दाखविता येत नाही, तो प्राण्यांच्या द्वारे प्रकट होतो. शिवाय, मनुष्ये निर्दय झाली असता मुके पशू रडले, हा नैतिक बोधही निरक्षर यात्रेकरूस त्यांतून मिळतो. म्हणजेच हे प्राणी पूजेचे विषय नसून साक्षीदार आहेत.

दख्खनमध्ये याच भावनेने निराळे रूप घेतले. मोहरमात येथे नालसाहेबाची सवारी निघते. घोड्याची आकृती नाही, केवळ त्याचा नाल आहे; तथापि श्रद्धावंतास तेवढी खूण पुरेशी होते.