सर्रा : एका रोगाच्या नावांचा मागोवा

१८८० साली पंजाबच्या सरहद्दीवर, डेरा इस्माईल खान येथे, लष्कराचे घोडे आणि उंट मरत होते. ताप चढायचा, उतरायचा आणि काही दिवसांनी पुन्हा चढायचा. जनावर चारा खात असूनही खंगत जायचे, पायांवर आणि पोटाखाली सूज यायची, शेवटी मागचे पाय लटपटायचे. तिथले लोक या रोगाला ‘सर्रा’ म्हणत. तपासासाठी आलेले ग्रिफिथ इव्हान्स हे मूळचे वेल्सचे. पशुवैद्यकाबरोबर माणसांच्या वैद्यकाचेही शिक्षण त्यांनी घेतले होते. आजारी जनावरांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्यांना तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा एक जीव दिसला. सर्रा यानेच होतो, असे त्यांनी अहवालात लिहिले.

वरिष्ठांना ते पटले नाही. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात टिमथी लुइस यांनी उंदरांच्या रक्तात अगदी तसाच जीव पाहिला होता आणि ते उंदीर धडधाकट होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जिवांचे वागणेही एकसारखेच असणार, असे गृहीत धरले गेले. कॉखने क्षयाचा जंतू दाखवायला अजून दोन वर्षे होती. रक्तात जंतू सापडणे आणि त्याच्यामुळे रोग होणे, या दोन विधानांमधले अंतर त्या काळी फार मोठे वाटे. पुढे ट्रिपॅनोसोमा म्हणून ओळखल्या गेलेल्या गटातला, सस्तन प्राण्यांत रोग घडवणारा पहिला जीव इव्हान्स यांना सापडला होता, पण त्याचे मोल कळायला बरीच वर्षे जावी लागली.

पुढचा टप्पा ब्रह्मदेशात आला. तिथल्या लष्करी खेचरांमधल्या अशाच साथीचा अभ्यास करून १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील यांनी या जिवाला शास्त्रीय नाव दिले : स्पायरोकीटा इव्हान्सी. आडनाव इव्हान्स यांचे, वंश मात्र चुकीचा. माणसांत उलटून उलटून येणाऱ्या तापाचा जंतू तेव्हा स्पायरोकीटा वंशात मोडत असे. खेचरांचा तापही तसाच उलटत होता, म्हणून याचीही रवानगी त्याच वंशात झाली. जिवाची रचना मागे राहिली आणि लक्षणांवरून वर्गीकरण झाले. हेच स्टील १८८६ मध्ये मुंबईत परळला सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. भारतीय पशुवैद्यकाच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे आणि या चुकीने तो कमी होत नाही. १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी हा जीव ट्रिपॅनोसोमा वंशात नेला. हा वंश ग्रुबी यांनी १८४३ मध्ये बेडकाच्या रक्तातल्या जिवासाठी निर्माण केला होता.

यानंतर नावांचे पेवच फुटले. दक्षिण अमेरिकेत घोड्यांचा मागचा भाग लुळा पाडणारा ‘माल दे कादेरास’, पनामातला ‘मुरिना’, अल्जीरियातल्या उंटांचा ‘एल देबाब’ असे रोग एकेक करून नोंदले गेले आणि प्रत्येकाच्या परजीवीला स्वतंत्र जातीचे नाव मिळाले : इक्विनम, हिप्पिकम, बर्बेरम. या काळात जात ठरवताना देश, जनावर आणि लक्षण यांना अवास्तव महत्त्व मिळाले, हे आज स्पष्ट दिसते. आपल्याकडेही राजस्थानातले उंटपाळ याच रोगाला ‘तिबरसा’ म्हणतात, कारण उंट तीनेक वर्षे झिजत राहतो. घोडा मात्र काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. परजीवी एकच, फरक जनावराच्या प्रतिकारशक्तीचा. ही बहुतेक नावे पुढे इव्हान्सी या एकाच जातीत विरघळली.

प्रसाराचे कोडे लेनर्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये भारतात सोडवले. गोमाशी आजारी जनावराला चावते, तिचे पोट भरण्याआधीच जनावर तिला झटकते आणि ती रक्ताळलेल्या सोंडेनिशी दुसऱ्यावर जाऊन बसते. तेवढ्याने काम होते. आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांनी अभ्यासलेल्या ‘नगाना’चा परजीवी, ट्रिपॅनोसोमा ब्रुसी, याची तऱ्हा वेगळी. त्याला त्सेत्से माशीच्या शरीरात वाढीचे टप्पे पार पाडावे लागतात. इव्हान्सीने आपल्या कायनेटोप्लास्टमधल्या, म्हणजे तंतुकणिकेतल्या, डीएनएचा महत्त्वाचा भाग गमावला आहे, त्यामुळे त्याला त्सेत्सेच्या शरीरात वाढताच येत नाही. हे त्याच्या पथ्यावर पडले. त्सेत्सेवाचून भागत असल्यामुळे तो आफ्रिकेबाहेर आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला.

घोडा, उंट, गाय, म्हैस, कुत्रा या सगळ्यांत तो राहतो. २००० साली भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात एकामागून एक वाघ दगावले, त्यामागेही ट्रिपॅनोसोमाच होता. माणूस मात्र या यादीत नव्हता. मानवी रक्तद्रव या परजीवींना मारतो हे लॅव्हेरान यांनी १९०२ मध्येच पाहिले होते. त्यामुळे ‘प्राण्यांचा ट्रिपॅनोसोमा’ हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांत पक्का झाला आणि माणसाच्या रक्तात तो शोधण्याचे कारणच कोणाला उरले नाही.

ते कारण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मिळाले. तिथला एक शेतकरी कित्येक महिने येणारा-जाणारा ताप सोसत होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले. ब्रुसीच्याच उपजातींमुळे माणसाला होणारा आफ्रिकेतला निद्रारोग भारतात नाही आणि हा माणूस देशाबाहेर गेलेला नव्हता. तपासण्यांअंती जात निश्चित झाली : इव्हान्सी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे जुने औषध देण्यात आले आणि तो बरा झाला. गावातल्या १,८०० हून अधिक लोकांची रक्ततपासणी झाली. प्रतिपिंडांच्या चाचणीत अनेकांचा निकाल सकारात्मक आला, पण आणखी कोणाच्या रक्तात परजीवी सापडला नाही.

एकट्या त्यालाच का झाला, याचे उत्तर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. परजीवीला मारणारे अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच, जनुकातल्या दोषामुळे ते तयारच होत नव्हते. उत्तर इतके नेटके होते की प्रकरण मिटल्यासारखे वाटले. पण पुढे व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला हाच संसर्ग झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले आणि तिचे ते प्रथिन शाबूत होते. म्हणजे जनुकीय दोष नसलेल्या माणसालाही हा परजीवी कधीतरी गाठू शकतो. ज्या गावांत गुरे आणि माणसे एका छपराखाली राहतात, तिथल्या दवाखान्यांनी मलेरियाच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तपट्टीत हाही जीव दिसू शकतो हे ध्यानात ठेवायला हवे.

इकडे वर्गीकरणाचा वाद नव्याने उभा राहिला आहे. जनुकीय अभ्यासांनुसार इव्हान्सी ही वेगळी जात नाही, ब्रुसीपासूनच ती एकापेक्षा अधिक वेळा उपजली असावी. मग दोन्ही एकच जात मानायच्या, तर नाव कोणते? प्राणिनामकरणाचा नियम सांगतो की आधी दिलेले नाव टिकते. स्टील यांचे नाव १८८५ चे, ब्रुसी १८९९ चे. त्यामुळे २०१८ मध्ये काही संशोधकांनी मांडले की आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीलाही आता इव्हान्सीचीच उपजात म्हणावे. नियमाच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड आहे. व्यवहारात मात्र शंभरहून अधिक वर्षांचे वैद्यकीय लेखन, औषधांच्या सूचना आणि साथींच्या नोंदी ब्रुसी या नावावर उभ्या आहेत आणि तो बदल रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचा ठरेल. रूढ नाव राखण्यासाठी अग्रक्रमाचा नियम बाजूला ठेवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाला आहे आणि या बाबतीत तो वापरणेच शहाणपणाचे. या वादाचा निकाल काहीही लागो, जनावरांच्या दवाखान्यात आजही रोगाचे निदान लिहिताना सर्रा हाच शब्द लिहिला जातो.