औद्योगिक स्वयंचलनातील आज्ञावलीचे मानक आणि प्रमाणपत्राचा अर्थ : फ्रीगंज, उज्जैनच्या संदर्भात

प्रस्तावना

प्राचीन भारतीय खगोलगणितात उज्जयिनीवरून जाणारी रेषा शून्य रेखांश मानली जात असे. अरबी खगोलविदांनीही ही गणना स्वीकारली. अरबी लेखनात नगराचे नाव 'उझैन' असे आले. परंतु नकला होता होता 'झे' या अक्षरावरचा नुक्ता गळाला, 'झे'चा 'रे' झाला आणि लॅटिन ग्रंथांपर्यंत हे नगर 'अरीन' या नावाने पोहोचले. मोजण्याचे मानक सर्वांना मान्य झाले, पण लिहिण्याचे मानक सांभाळले गेले नाही. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तसेच वाचावे, ही अट ग्रंथाला जशी लागू आहे तशीच कारखान्यातील यंत्राला दिलेल्या लेखी आज्ञांनाही लागू आहे.

फ्रीगंज हा उज्जैनमधील बाजारपेठेचा आणि शिकवणी वर्गांचा भाग. माधवनगर हे त्याचे दुसरे नाव शिंदे संस्थानाची आठवण देते. शहरातील विनोद मिल, हिरा मिल यांसारख्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि कारखान्यातील नोकरीसाठी येथील तरुणांना देवास, पीथमपूर व इंदूरकडे पाहावे लागले. आता देवास मार्गावर विक्रम उद्योगपुरी उभी राहत आहे. या कारखान्यांतील यंत्रे पीएलसी या नियंत्रकावर चालतात. साहजिकच पीएलसीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळवण्याकडे मुलांचा कल आहे. या प्रमाणपत्राने नेमके काय सिद्ध होते, हे शिक्षकांना स्पष्ट व्हावे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पीएलसी आणि मानकाची गरज

पीएलसी म्हणजे आज्ञावलीने चालणारा औद्योगिक नियंत्रक. पूर्वी यंत्राचा क्रम बदलायचा तर रिलेच्या पॅनेलमधील तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेत रिचर्ड मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला व त्यातून 'मॉडिकॉन ०८४' हा नियंत्रक तयार झाला. पीएलसी प्रथम बटणे व सेन्सर यांची स्थिती वाचतो, मग आज्ञावली सोडवतो, नंतर मोटर किंवा व्हॉल्व्हला आदेश देतो आणि हे चक्र सेकंदात अनेकदा फिरते. कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला रिलेचे आराखडे वाचण्याची सवय होती, म्हणून आज्ञावलीही शिडीसारख्या आकृतीत लिहिली जाऊ लागली. तिलाच लॅडर म्हणतात.

पुढे प्रत्येक उत्पादकाने आपापली लेखनपद्धती घडवली. एका कंपनीचे यंत्र शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या यंत्रापुढे निरक्षर ठरू लागला. यास्तव आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९९३ मध्ये आज्ञावलीच्या भाषांचे मानक प्रसिद्ध केले. आज ते आयईसी ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते. त्याच्या पुढील आवृत्त्या २००३, २०१३ आणि २०२५ मध्ये निघाल्या.

मानकाची रचना

या मानकाच्या पाच भाषा सांगण्याची रीत आहे : लॅडर डायग्राम, फंक्शन ब्लॉक डायग्राम, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. यांपैकी शेवटची ही काटेकोरपणे भाषा नसून कामाचे टप्पे मांडण्याची पद्धत आहे. इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि २०२५ च्या आवृत्तीतून वगळण्यात आली. जुन्या पुस्तकावरून शिकवणाऱ्या शिक्षकाने हा बदल ध्यानात घ्यावा.

तथापि भाषांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मुळाशी असलेले समान व्याकरण महत्त्वाचे आहे. एकच हिंदुस्तानी वाक्य नस्तालीक आणि देवनागरी अशा दोन लिप्यांत लिहिता येते. वाक्य तेच राहते. त्याप्रमाणे मूल्यांचे प्रकार, चलांची घोषणा, फंक्शन, फंक्शन ब्लॉक आणि प्रोग्राम या संकल्पना सर्व भाषांत समान आहेत. उदाहरणार्थ, 'इंट' या प्रकारात -३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच पूर्णांक मावतात, मग आज्ञावली आकृतीत असो वा मजकुरात. 'टॉन' हा विलंबाने चालू होणारा टायमर मानकात ठरलेल्या नावांनीच येतो.

मानकाला मर्यादाही आहेत. उत्पादकाने मानकातील कोणते भाग स्वीकारले हे तो स्वतः जाहीर करतो. सर्वच भाग स्वीकारलेले असतात असे नाही. म्हणून एका कंपनीच्या पीएलसीवरील आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीवर जशीच्या तशी चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मानक शिकलेल्या विद्यार्थ्याला नवी बोली लवकर समजते, एवढा लाभ मात्र निश्चित आहे.

एक उदाहरण

मोटर सुरू व बंद करण्याचा पाठ प्रत्येक वर्गात शिकवला जातो. तर्क असा : 'सुरू' बटण दाबलेले आहे किंवा मोटर आधीच चालू आहे, आणि 'थांबा'च्या मार्गात वीज आहे, तर मोटर चालू राहील. प्रत्यक्ष यंत्रावर 'थांबा' बटण नेहमी जोडलेल्या संपर्काचे असते. बटण दाबले नसताना पीएलसीला '१' मिळतो. दाबले किंवा तार तुटली, तर '०' मिळून यंत्र थांबते. त्यामुळे आज्ञावलीत तेथे उघडा संपर्क काढावा लागतो.

केवळ पडद्यावर शिकलेला विद्यार्थी 'थांबा' म्हणजे बंद संपर्क असे पाठ करतो. खऱ्या यंत्रावर त्याची मोटर सुरूच होत नाही. मग आज्ञावली सुधारण्याऐवजी त्याने बटणाची जोडणी उलटी केली, तर मोटर सुरू होते; पण पुढे कधी तार तुटली की 'थांबा' दाबूनही यंत्र थांबत नाही. येथे प्रश्न गुणांचा उरत नाही, यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या हाताचा होतो. भाषेचे मानक ही चूक रोखत नाही. त्यासाठी यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ आणि नियंत्रणप्रणालीच्या कार्यात्मक सुरक्षेचे आयईसी ६१५०८ ही मानके वेगळी आहेत.

प्रमाणपत्रांचे चार प्रकार

'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' या शब्दांखाली चार भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात.

१. उत्पादनाचे प्रमाणपत्र : १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये स्थापन झालेली पीएलसीओपन ही संघटना एखादे सॉफ्टवेअर मानकाला अनुरूप आहे काय, याची चाचणी करवून घेते. हे प्रमाणपत्र साधनाचे असते, ते वापरणाऱ्या विद्यार्थ्याचे नव्हे.

२. संस्थेचे प्रमाणपत्र : फलकावर आयएसओ ९००१ लिहिलेले असते. ते संस्थेच्या व्यवस्थापनपद्धतीविषयी आहे. पीएलसी चांगले शिकवले जाते असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात.

३. उत्पादक कंपनीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र : त्या कंपनीची यंत्रे असलेल्या कारखान्यात याला चांगले मोल आहे, अन्यत्र कमी.

४. व्यक्तीच्या पात्रतेचे प्रमाणपत्र : अमेरिकेतील आयएसए ही संस्था तंत्रज्ञ व स्वयंचलन व्यावसायिक यांच्यासाठी अनुभवाची अट घालून परीक्षा घेते. भारतात आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीत अभ्यासक्रमांचे स्तर ठरतात आणि २०१८ मध्ये स्थापन झालेली एनसीव्हीईटी ही नियामक परिषद प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते.

६११३१-३ या मानकाबद्दल आयईसी कोणत्याही व्यक्तीला प्रमाणपत्र देत नाही. 'आयईसी प्रमाणित प्रोग्रामर' अशी जाहिरात दिसल्यास शिक्षकाने विद्यार्थ्याला तेथेच सावध करावे.

समुदाय महाविद्यालयातील शिक्षकांसाठी

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम समाजात स्वयंरोजगाराचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवून दिले. वायरिंग, मोटर वाइंडिंग अशी कामे हाताने शिकलेल्या मुलाजवळ पीएलसीचा अर्धा पाया आधीच असतो. रिले म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. उणीव असते ती लेखी तर्काची आणि मान्य प्रमाणपत्राची. अशा कुटुंबाने जमवलेले शुल्क चुकीच्या कागदावर खर्च होऊ नये, ही जबाबदारी शिक्षकाचीही आहे. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने पुढील प्रश्न विचारावेत :

१. प्रमाणपत्र हजेरीचे आहे की परीक्षेचे?
२. परीक्षा शिकवणारी संस्था घेते की बाहेरची?
३. अभ्यासक्रमाला राष्ट्रीय चौकटीतील स्तर आहे काय व त्याची नोंद कोठे पाहता येईल?
४. प्रत्यक्ष पीएलसी, बटणे व मोटर यांवर किती तास काम करायला मिळेल?
५. एकाच कंपनीची पद्धत शिकवली जाते की मानकही?

साधनांचा अभाव ही अडचण खरी आहे, परंतु तिच्यावर मार्ग आहे. कोडेसिस हे सॉफ्टवेअर विनामूल्य उतरवता येते व त्यात आभासी चाचणीची सोय आहे; ओपनपीएलसी हे मुक्तस्रोत आहे. दोन्ही मानकातील भाषा वापरतात. एक लहान पॅनेल, दोन बटणे व एक रिले एवढ्यावर वर उल्लेखिलेला 'थांबा'चा पाठ तार काढून दाखवता येतो. पुढील प्रशिक्षणासाठी इंदूरचे इंडो-जर्मन टूल रूम आणि भोपाळचे क्रिस्प या संस्था मध्य प्रदेशातच आहेत.

भाषेच्या शिक्षकालाही येथे काम आहे. आज्ञावली लिहिण्यापूर्वी यंत्राने काय करावे हे साध्या वाक्यांत लिहावे लागते. 'टाकी भरली की पंप थांबावा' या वाक्यात टाकी किती भरली म्हणजे भरली, हे सांगितलेले नाही. अशी संदिग्धता शोधण्याचा आणि चलांना अर्थवाही नावे देण्याचा सराव भाषेच्या तासाला घेता येईल.

निष्कर्ष

मानक हे लिहिण्याचा समान नियम आहे, प्रमाणपत्र ही कोणीतरी दिलेली साक्ष आहे. साक्ष कोणाविषयी आहे, कोणी दिली आणि कशाच्या आधारे दिली, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही. फ्रीगंजातील विद्यार्थी उद्या देवास किंवा पीथमपूरच्या कारखान्यात उभा राहील, तेव्हा पर्यवेक्षक त्याला अनोळखी आज्ञावली वाचायला देईल. ती वाचून यंत्र सुरक्षितपणे थांबवता व पुन्हा सुरू करता यावे, हे अध्यापनाचे उद्दिष्ट ठेवावे आणि प्रमाणपत्राची निवड त्या उद्दिष्टाला धरून करावी.