माईक क्षीण, खरखर फार?

लोधिवलीसारख्या, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या गावात घरच्या घरी हरिपाठ किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करायचा, तर डायनॅमिक माईकच घ्यावा. तोंडाजवळ ठेवला की रस्त्यावरची वर्दळ त्यात कमी येते. अडचण पुढे आहे. शुअर एसएम७बीसारख्या माईकचा सिग्नल इतका क्षीण, की साध्या बोलण्यालाही सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त इंटरफेसचं गेनचं बटण शेवटाला टेकतं आणि दोन शब्दांच्या मधल्या शांततेत ‘स्सss’ ऐकू येतं.

यावर उतारा म्हणजे माईक आणि इंटरफेस यांच्या मधे, एक्सएलआर केबलवरच बसणारा छोटा प्रीअँप. क्लाउडलिफ्टर सीएल-१ सिग्नल २५ डेसिबलपर्यंत, म्हणजे व्होल्टेज जवळपास १८ पट वाढवतो. फेटहेड सुमारे २७ डेसिबल. बॅटरी लागत नाही. इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा त्याच केबलमधून येतो. तो प्रीअँपच वापरतो, माईकपर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे नाजूक रिबन माईकही निर्धास्त जोडावा. कंडेन्सर माईक मात्र यामागे चालणार नाही, त्याला स्वतःलाच तो पुरवठा हवा असतो.

पैसे घालण्याआधी हेडफोन लावून ऐका. इंटरफेसचा प्रीअँप मुळातच शांत असेल, तर फरक नगण्य. खोलीत शिरलेला ट्रकचा हॉर्नही आवाजाइतकाच वाढणार. त्याला खिडकीचा जाड पडदाच बरा. नवा माईक घेणाऱ्यांसाठी शुअरने २०२३मध्ये आणलेल्या एसएम७डीबीत हा प्रीअँप आतच आहे.